चौथ्या नंबरचा शोध

आमच्या ठाण्याच्या व्हिडिओ स्टुडिओतल्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक नवरदेवाची नोंद 'सप्लायर' म्हणून केलेली होती आणि प्रत्येक नवरीची 'मटेरियल' म्हणून. लग्नाच्या तारखेसमोर 'माल मिळाल्याची तारीख' असं यायचं. ही कर्तबगारी माझी. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, पुढे आणखी आहे.

त्याचं असं झालं, की स्टुडिओत येण्याआधी मी वागळे इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. नट, बोल्ट, गॅस्केट आणि पितळी सळया यांच्या सहवासात माझी तरुणपणाची वर्षं गेली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला स्टोअर्समध्ये कॉम्प्युटर आला आणि मी एकदम शहाणा झालो. बाकीचे लोक माल शोधायला शिडीवर चढायचे. मी खुर्चीत बसून बटण दाबायचो आणि खालून सांगायचो, "अहो, तिकडे काय शोधताय? पलीकडच्या रॅकवर, खालच्या कप्प्यात." त्यांचे चेहरे बघण्यात जे सुख होतं ते पगारात नव्हतं.

मग कारखान्याला टाळं लागलं. कॉम्प्युटरचे साहेब टेबल आवरत होते तेव्हा मी भीत भीत विचारलं, "साहेब, हा स्टोअर्सचा प्रोग्राम मी नेऊ का?"

"ने बाबा. स्टोअर्सच राहिलं नाही, प्रोग्राम ठेवून काय त्याचं लोणचं घालायचं?"

डोंबिवलीला घरी पोचलो तो खिशात एक फ्लॉपी घेऊन. बायकोने विचारलं, "हे काय?"

"माझा इतक्या वर्षांचा अनुभव."

तिने फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "एवढाच?"

माझा थोरला मावसभाऊ ठाण्यात बाजारपेठेजवळ व्हिडिओ शूटिंगचा धंदा करायचा. लग्न, मुंज, हळद, सत्यनारायण, जे समोर येईल ते. त्याला सगळं ठाणं दादा म्हणायचं, मीही दादाच म्हणत असे. त्याच्याकडे गेलो तर त्याने तिथल्या तिथे माझी मुलाखत घेतली.

"कॅमेरा येतो?"

"नाही."

"मिक्सिंग?"

"नाही."

"अरे मग येतं काय तुला?"

"वस्तू सापडवता येतात."

दादाने मान वर केली. माळ्यावर कॅसेटी, कपाटात कॅसेटी, मोरीवरच्या फळीवर कॅसेटी, बसायच्या बाकाखाली कॅसेटी. तो त्या दिवशी सकाळपासून कुणाची तरी मुंज शोधत होता आणि बटू बाहेर बापाचं बोट धरून उभा होता. मला नोकरी लागली.

दादाने एक जुना कॉम्प्युटर आणला, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं येणारा. मी माझा अनुभव त्यात घातला आणि एकेक कॅसेट नोंदवायला बसलो. अडचण एकच होती. मला प्रोग्राम चालवता येत होता, बदलता येत नव्हता. त्यामुळे पडद्यावर शब्द यायचे ते कारखान्याचेच. मी त्यावर तोडगा म्हणून कागदाच्या चिकटपट्ट्या कापल्या आणि काचेवर लावल्या. 'सप्लायर'वर पट्टी: नवरदेव. 'मटेरियल'वर पट्टी: नवरी. फार ऐटीत दिसायचं. फक्त दुसरं पान उघडलं की अक्षरं सरकायची आणि पट्ट्या तिथेच राहायच्या. मग 'नवरी' या पट्टीखाली 'शिल्लक साठा' यायचा. दादा गिऱ्हाइकांना पडद्याजवळ येऊ देत नसे.

शोधायचे चार प्रकार होते. एक नंबर दाबला की कॅसेटच्या क्रमांकावरून शोध. दोन नंबरला नावावरून. नाव अर्धंच आठवत असेल तर पुढे एक तारा टाकायचा, म्हणजे 'पुढे काहीही असो, आण' असा त्याचा अर्थ. तीन नंबरला तारखेवरून. या तारखेपासून त्या तारखेपर्यंत जे काही असेल ते. आणि चार नंबरला रिजेक्शनवरून; बाद झालेला माल फक्त इथेच दिसायचा, आधीच्या तिन्हींत नाही.

हा चौथा प्रकार स्टुडिओत कुणाच्या कामाचा नव्हता. पण प्रोग्राम हट्टी होता. कारखान्यात आलेला माल तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही, हा त्याचा जन्मजात संस्कार. प्रत्येक कॅसेटच्या नोंदीत तो विचारायचाच: पास की रिजेक्ट? रिजेक्ट म्हटलं की विचारायचा: कारण? मी हाडाचा स्टोअरकीपर. खोटं 'पास' लिहिणं मला जमेना. म्हणून मी खरोखर तपासत बसायचो. पुढे मिक्सिंगही माझ्याच गळ्यात पडलं, मग तर अधिकारानेच तपासू लागलो. एखाद्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना काकांचं टक्कल कॅमेऱ्यासमोर आलं, रिजेक्ट. कारण: टक्कल. मांडवातली लाईट गेली, रिजेक्ट. कारण: अंधार.

आणि रिजेक्ट झालेल्या मालाचा कारखान्यातला नियम असा, की त्यावर लाल ऑइलपेंटची फुली मारायची आणि तो वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायचा. फुली लागलेला माल पुन्हा कामावर जात नाही, ब्रह्मदेव आला तरी. आमच्याकडे पिंजरा नव्हता म्हणून मी दादाच्या आईची जुनी पत्र्याची ट्रंक घेतली आणि फुल्या मारून कॅसेटी तिच्यात टाकू लागलो.

यावरून दादाची आणि माझी भांडणं व्हायची. कारण दादाचा नियम उलटा. शूटिंगची मूळ टेप तो कधी जपून ठेवत नसे. त्यातलं चांगलं चांगलं निवडून, खाली गाणी टाकून पार्टीला कॅसेट दिली, आणि थोडे दिवस कुणी तक्रार घेऊन आलं नाही, की मूळ टेपवर दुसरं लग्न शूट. एकेका टेपवर तीन-तीन जोडपी संसाराला लागलेली असायची.

"अरे, आवाज खराब आहे तर आवाज पुसला जाईल," दादा ओरडायचा. "टेप कशाला बाद करतोस? धडधाकट टेप आहे!"

"लाल रंग लागलाय, दादा. आता ती लाइनवर जात नाही."

"कसली लाइन? हे काय वागळे इस्टेट आहे?"

मी मान हलवायचो आणि ट्रंकेला कुलूप लावायचो. आजही मला वाटतं, मला त्या काळी त्याने हाकललं नाही ते केवळ त्याच्या आईच्या भीतीने.

आता त्या 'आवाज खराब'चा खुलासा करायला हवा.

ठाण्याच्या खाडीकाठचे कोळीवाडे, घोडबंदर रोडची गावं, भिवंडीकडची, कल्याणच्या पलीकडे पार खडवलीपर्यंतची, अशी सगळीकडे आम्ही हळदी शूट करायचो. कोळ्यांच्या आणि आगऱ्यांच्या हळदी म्हणजे दादाच्या धंद्याचा कणा. त्यातल्या पुष्कळ हळदींत एक म्हातारी असायची. नवरीशेजारी पाटावर बसून ती गायची. पेटी नाही, तबला नाही, मध्ये श्वास घेतलेला कळायचा नाही. मी डोंबिवलीच्या चाळीत वाढलेला. आमच्याकडे लग्नात गाणं म्हणजे मंगलाष्टकं, आणि तीही प्रत्येक आत्या आपापल्या चालीत म्हणणार. ही बाई काय गाते, कशासाठी गाते, मला काडीचा पत्ता नव्हता. मला एवढंच कळायचं, की मी नवरीच्या गालावर हळद लागताना खाली छानपैकी सिनेमाचं गाणं टाकायला बघतोय आणि ही म्हातारी मध्ये येतेय. मग मी तिचा आवाज पूर्ण खाली ओढायचो आणि वर गाणं चढवायचो. मूळ टेपची नोंद: रिजेक्ट. कारण: म्हातारी.

गिऱ्हाइकं खूश. "अगदी पिक्चर वाटतोय!" असं म्हणून पैसे देऊन जायची. कुणी एका शब्दाने तक्रार केली नाही. करेपर्यंत.

दादा ज्या कोळणीकडून मासे घ्यायचा ती एकदा दुपारी स्टुडिओत आली. आम्ही तिला मावशी म्हणायचो. खणखणीत बाई. बाजारात भाव करायला गेलं तर गिऱ्हाइकाची सात पिढ्यांची अक्कल काढायची, वर कोथिंबीर फुकट द्यायची. त्या दिवशी तिच्याकडे पाटी नव्हती, पिशवी होती. तिने एकेक कॅसेट काढून काउंटरवर मांडली. सगळ्यांवर आमच्या स्टुडिओचं लेबल.

"ही लाव," ती म्हणाली.

मी लावली. कुणाची तरी हळद. नवरी, मांडव, आणि पाटावर ती म्हातारी. तोंड उघडतंय, मिटतंय. आवाज मात्र सिनेमातल्या एका गोड गळ्याच्या गायिकेचा, मागे पन्नास व्हायोलिनं.

"दुसरी लाव."

तीच म्हातारी, दुसरी नवरी, वेगळी गायिका.

"समद्या बघल्या मी," मावशी म्हणाली. "घराघरांत जाऊन मागून आनल्या. समद्यांत माझी आय बसलेली हाय, आनि समद्यांत तिच्या तोंडात कोन दुसरीच गाते. माझे आयेचा आवाज कुठं ठेवलास रं?"

मी दादाकडे बघितलं. दादा छताकडे बघत होता.

मग तिने सांगितलं. तिची आई धवलारीण होती. त्यांच्याकडे लग्न लावायला भटजी येतो तो नंतर. त्याआधी हळद कुटण्यापासून प्रत्येक पायरी धवलारीण गाऊन पुढे नेते. देवांना बोलावते, गेलेल्या माणसांना बोलावते, मग पोरीला हळद लागते. त्या गाण्याला धवला म्हणतात. आसपासच्या गावांतून तिच्या आईला बोलावणं यायचं. दुसऱ्यांच्या शेकडो पोरींना तिने हळद लावली. धाकट्या नातीची, म्हणजे मावशीच्या पोरीची, हळदही मीच गाईन, असं ती म्हणत होती. मागच्या शिमग्याला ती गेली. आणि नातीची हळद येत्या शनिवारी होती.

"दुसरी धवलारीण नाही का?" दादाने विचारलं.

"हाय ना. गावंल. पन पोर म्हनते, आजीच्या धवल्याशिवाय मी पाटावर बसनार नाय. आनि पोर माझ्यावर गेलेली हाय." म्हणजे विषय संपला. "म्हनून मी तिला बोलली, थांब, आजी त्या फोटोवाल्याकडं असंल."

आणि इथे मी तोंड उघडलं. गप्प बसलो असतो तर निदान दोन मिनिटं तरी माणसात राहिलो असतो.

"मावशी, तुम्ही काळजीच करू नका. आपल्याकडे आता कॉम्प्युटर आहे. बसा. चहा येईपर्यंत तुमच्या आईला काढून देतो."

दादा कानाशी येऊन पुटपुटला, "अरे मूर्खा, मूळ टेपा मी पुसतो."

पण तोवर मी चहा सांगितला होता.

दोन नंबर. नावावरून. मी मावशीला आईचं नाव विचारलं, टाकलं, बटण दाबलं. पडद्यावर आलं: असं मटेरियल नाही. बरोबरच होतं. माझ्याकडे नवरदेव आणि नवरी यांचीच नावं. गाणाऱ्या बाईचं नाव कोण लिहितो? स्टोअर्समध्ये बोल्ट कुणी आवळला ते कुठे लिहितात?

मग मी ताऱ्याची करामत दाखवायला गेलो. नावाचं पहिलं अक्षर आणि तारा टाकायचा होता. घाईत अक्षर राहिलं आणि नुसता तारा पडला. 'काहीही असो, आण.' कॉम्प्युटरने ठाणे जिल्ह्यातले सगळे नवरदेव आणले. हिरवी नावं धबधब्यासारखी वर सरकायला लागली.

मावशी बघत राहिली. "ही समदी माझी आय?"

"नाही मावशी, थांबा जरा."

"थांबलेलीच हाय मी. तुझा डबाच पलतोय."

तीन नंबर. तारखेवरून. "मावशी, आई कुठल्या कुठल्या हळदीला गायल्या, तारखा आठवतात?"

"आठवतात म्हंजे? एक शिमग्याच्या नंतरची. बोंबील लई आयले होते त्या साली. एक पोराच्या बोटीचा पंखा तुटला त्याच्या मागच्या आयतवारी."

प्रोग्रामला बोंबील कळत नव्हते. मी अंदाजाने महिने टाकले. पानंच्या पानं आली. मी त्यांतली कोळीवाड्याची लग्नं निवडली आणि प्रत्येकाच्या पुढचा रकाना बघितला. तिथे लिहिलं होतं: इश्यू. म्हणजे टेप पुन्हा वापरली. दुसरी: इश्यू. तिसरी: इश्यू. खाली खाली जात राहिलो. तेवढ्यात माझी चिकटपट्टी सुटली आणि कीबोर्डवर पडली.

मावशीला वाचता येत नव्हतं, पण माझा चेहरा येत होता.

"नाय ना?" ती म्हणाली.

चहा येऊन निवला होता. तिने काउंटरवरच्या कॅसेटी एकेक पिशवीत भरायला घेतल्या. मला त्या क्षणी ती कोयता घेऊन धावली असती तर बरं वाटलं असतं.

दादाला ते सहन होईना. तो माझ्यावर घसरला. "मोठा आलाय सापडवणारा! याला चांगलं काही सापडत नाही. खराब माल शोधायला सांगा, तो बरोबर सापडेल. ट्रंकभर जमवून ठेवलाय!"

माझा हात हवेतच राहिला.

"दादा, काय म्हणालास?"

"गाढव म्हणालो."

"नाही, त्याच्या आधी."

मी चार नंबर दाबला. आजवर हा नंबर कुणी दाबला नव्हता. पडद्यावर प्रश्न आला: कारण? मी लिहिलं 'म्हातारी', पुढे तारा टाकला, या वेळी नीट बघून, आणि बटण दाबलं.

कॉम्प्युटरने जरा विचार केला. मग पहिली ओळ आली. मग दुसरी. मग ओळींखाली ओळी. आणि प्रत्येकीपुढे इश्यूच्या रकान्यात: नाही. नाही. नाही. लाल रंग लागलेला माल. लाइनवर गेलेलाच नाही.

मी खुर्चीतून उठलो, पुन्हा बसलो.

"काय लिवलंय?" मावशीने विचारलं.

"सापडल्या, मावशी."

"ते कललं. लिवलंय काय ते वाच."

मी हाताने पडदा झाकला. "नको. ते कामाचं असतं. टेक्निकल."

"वाच म्हनते ना!"

मी वाचलं. "म्हातारी मध्ये गाते." खालची ओळ. "म्हातारी थांबत नाही." त्याच्या खाली, "म्हातारी पुन्हा." आणि एक ओळ बहुधा मी फार वैतागलो असताना लिहिलेली, "म्हातारी, संपूर्ण टेप."

दादाने डोळे मिटून घेतले.

मावशी पडद्याजवळ आली, त्या हिरव्या ओळींवर बोट ठेवलं आणि मोठ्याने हसली. "हीच! हीच माझी आय! ती थांबतच नव्हती रं! माझा बापूस पन हेच बोलायचा!"

मग तिच्या ध्यानात आलं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "म्हंजे तिच्या तोंडात ती हिरोइन तूच बशिवलीस?"

"हो, मावशी."

"हात तुझ्या! अक्कल बाजारात ठेवून आयलेलास का?"

"तेव्हा कळलं नाही."

"आता कललं?"

"आता ऐकू दे आधी," मी म्हटलं.

माळ्यावरची ट्रंक मी आणि दादाने खाली ओढली. किल्ली सापडेना. साऱ्या स्टुडिओतल्या वस्तू नोंदवणाऱ्या माणसाने ट्रंकेची किल्ली कधी नोंदवली नव्हती. शेवटी दादाने पक्कड घालून कडी उचकटली आणि त्याची स्वतःची आई काय म्हणेल याची चिंता करत बसला. मी 'संपूर्ण टेप' शोधली, लाल फुलीची. हेड पुसलं, टेप सरकवली, आवाजाचं बटण आयुष्यात पहिल्यांदा म्हातारीसाठी वर केलं.

आवाज आला.

मी त्याचं वर्णन करणार नाही, कारण मी तोच माणूस ज्याने त्याला एकदा खराब म्हटलं होतं. एवढंच सांगतो, की ती टेप मी आधी संपूर्ण तपासली होती आणि त्या दुपारी पहिल्यांदा ऐकली. मावशी जमिनीवर बसली, गुडघ्यांना मिठी घालून. मधूनमधून आईच्या आधीच पुढची ओळ तिच्या ओठांवर यायची. शेजारचा घड्याळवाला दारात येऊन उभा राहिला. दादाने फोन वाजला तर उचलून पुन्हा ठेवून दिला.

एक भानगड लक्षात आली ती मध्यावर. धवल्यात नवरीचं नाव येतं. या टेपमध्ये अर्थातच ज्या पोरीची हळद होती तिचं नाव येत होतं, वरचेवर.

"मावशी, मी ते नाव कापून काढतो. कळणारसुद्धा नाही."

"तू हात लावायचा नाय," मावशीने बोट उगारलं. "तू एकदा हात लावलास, तवा इतकी वर्सं माझी आय मुकी झाली. आता ती जशी हाय तशी येनार. नावाचं आमी बघू."

शनिवारी संध्याकाळी मी आणि दादा व्हीसीआर, टीव्ही आणि दोन मोठे स्पीकर घेऊन कोळीवाड्यात गेलो. खाडीवरून वारा येत होता आणि मांडवाचं कापड फडफडत होतं. अंगणात हळदीची परात तयार. बँडवाले बसले होते, त्यांना मावशीने दटावून गप्प केलं होतं. पाटावर नवरी, म्हणजे नात, हनुवटी वर करून, आजीची वाट बघत. पाटाशेजारी धवलारणीची जागा मोकळी सोडलेली. तिथे मी टेबल मांडलं, त्यावर व्हीसीआर ठेवला, टेप आत घातली आणि मोठ्या रुबाबात बोट बटणावर नेलं.

"थांब रं मेल्या!"

चार-पाच म्हाताऱ्या एकदम ओरडल्या. मी बोट मागे घेतलं.

"मान दिल्याबगर धवलारीन तोंड उघरते काय?"

मला माहीत नव्हतं. धवलारणीला आधी लुगडं, चोळी, नारळ आणि विडा द्यायचा, मगच तिने गायला सुरुवात करायची. हा मान चुकला तर धवला लागत नाही. आता धवलारीण होती टेपमध्ये. मान घेणार कोण? म्हाताऱ्यांची सभा भरली.

"मशीनला द्या."

"मशीन नेसनार काय लुगडं?"

"ह्या चालवनाऱ्याला द्या."

"ह्याला? ह्याचा पराक्रम ऐकलाव ना?"

सगळ्या गावाने ऐकलेला होता, हे मला त्यांच्या हसण्यावरून कळलं. एक आजी तर मुद्दाम जवळ येऊन मला निरखून गेल्या. "ह्योच का तो? दिसतो तं बरा."

शेवटी मावशी पुढे झाली. घडी न मोडलेलं हिरवं लुगडं तिने व्हीसीआरवर ठेवलं, त्यावर चोळी, त्यावर नारळ, विडा. यंत्राला हळदीचं बोट लावलं, हात जोडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता दाब."

मी दाबलं.

आधी खरखर झाली. मग आजी सुरू झाली. दोन स्पीकरांतून निघालेला तो आवाज मांडवातून सरळ खाडीपर्यंत गेला. म्हाताऱ्यांनी पदर सावरले आणि मागून सूर धरला, जणू ती रोजच त्यांच्यासमोर बसलेली असते. पोरं पळायची थांबली. पाटावरच्या पोरीने डोळे मिटले आणि मावशीने हळदीत हात बुडवला.

व्हीसीआर मात्र तापायला लागला. त्याच्या अंगावरची हवेची भोकं लुगड्याने झाकली गेली होती. दादा लांबून खुणा करत होता, 'उचल ते, बंद पडेल!' पण धवला चालू असताना धवलारणीच्या अंगावरचं लुगडं ओढणारा माणूस त्या कोळीवाड्यातून ठाण्याला परत गेला नसता. मी एक पत्रावळ उचलली, टेबलाशी वाकलो आणि बाजूने वारा घालायला लागलो.

"बघा, बघा," एक म्हातारी म्हणाली, "कवरी सेवा करतो."

आणि मग ती जागा आली. टेपमधली आजी नवरीच्या नावाकडे वळली, त्या दुसऱ्या, कुठल्या तरी जुन्या नवरीच्या. माझा पत्रावळीचा हात थांबला. पण मावशीने मान वर केली, सगळ्या मांडवाकडे बघितलं, आणि आजीने नाव उच्चारायला तोंड उघडलं त्याच क्षणाला अख्ख्या कोळीवाड्याने एका गळ्याने आपल्या पोरीचं नाव पुकारलं. बायांनी, बाप्यांनी, बँडवाल्यांनी, दादाने. इतक्या जोरात, की टेपमधलं नाव कुणाच्या कानावरसुद्धा पडलं नाही. आजी पुढे गातच होती. पुन्हा ती जागा आली, पुन्हा सगळ्यांनी नाव पुकारलं. तिसऱ्यांदा मीही ओरडलो, पत्रावळ हलवत, आणि पाटावरची पोर पिवळ्याधमक गालांनी खदखदून हसली.